दुष्काळाची चाहूल लागली की: वाचकांचे प्रश्न

विहिरीत पाणी दिसतंय. उन्हाळी पीक घ्यावं का?

दिसणाऱ्या पाण्यावर जाऊ नका, झरे किती देतात ते पाहा. काठावर कायमची खूण करून तिथून पातळी मोजा. पंप ठरावीक तास चालवून बंद करा आणि किती वेळात किती पाणी चढलं ते लिहा. दर आठवड्याला हेच करा. चढण मंदावली की झरे आटू लागले. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर. एका हेक्टरला ५० मिलिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला ५ लाख लिटर लागतं! विहिरीतल्या पाण्यातून आधी माणसं आणि जनावरांची गरज वजा करा, मग फळबागेची. उरलं तरच पीक. हा हिशेब गावाने एकत्र मांडावा, कारण तुम्ही राखलेलं पाणी शेजारचा पंप ओढून नेतो.

मग विहिरीचं पाणी शेततळ्यात साठवून ठेवलं तर?

नको. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर ३० बाय ३० मीटरच्या उघड्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर उडून जातं. शेततळं वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी असतं.

यंदा फळं नकोत, झाडं तरी कशी जगवावी?

फळं लहान असतानाच काढून टाका. दाट, रोगट फांद्या छाटा आणि नत्रखत थांबवा. नवी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते. आळ्यात १० ते १५ सेंटिमीटर काडाचं आच्छादन करा, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजते. पानांवर ८ टक्के केओलिन (पांढऱ्या मातीची बारीक भुकटी) फवारा: १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम. द्रावण सतत ढवळत राहा. तळाशी गाळ बसला की नोझल तुंबतं.

पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी गुरांना चारावी का?

हिरवी तर मुळीच नको. ताणातल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल वाढतं आणि एखादी सर पडल्यावर आलेले फुटवे सर्वांत घातक असतात. उन्हात पूर्ण वाळवल्यावर हे विष बरंच उतरतं. ज्वारीतलं दुसरं विष, नायट्रेट, मात्र वाळवूनही जात नाही. ते बुडख्याकडे जास्त साठतं, म्हणून भरपूर युरिया दिलेल्या रानातली ज्वारी उंचावरून कापा, शक्य असेल तर तपासून घ्या आणि उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नका. चारल्यावर धाप किंवा थरथर दिसली तर वैरण काढून घ्या आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. अशा वेळी तासाभराचा उशीरही जिवावर बेततो.