क्रूझच्या बॅगेत वाइन, पाणी आणि आमसुले

क्रूझवर प्यायचे काय काय नेता येते, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. खाली दिलेले नियम संबंधित कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. ते मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या बुकिंगच्या कागदांतले मद्य आणि पेये यांविषयीचे कलम पुन्हा वाचा. एजंटच्या तोंडी आश्वासनाला बंदरावरच्या सुरक्षा तपासणीत काही किंमत नसते.

आम्ही नवराबायको सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या क्रूझने जाणार आहोत. नाशिकच्या वाइनच्या दोन बाटल्या नेता येतील का? त्या मोठ्या बॅगेत ठेवाव्यात की हातातल्या? (कोथरूड)

दोन बाटल्या नेता येतील. या कंपनीचा नियम माणशी एक बाटली असा आहे. ती ७५० मिलिलिटरची हवी, वाइनची किंवा शँपेनची हवी, सीलबंद हवी आणि बोटीवर चढण्याच्या दिवशीच न्यायला हवी. नेणाऱ्याचे वय त्या सफरीवर मद्याला लागू असलेल्या किमान वयापेक्षा कमी चालत नाही. आशियातून सुटणाऱ्या सफरींवर ते १८ आहे, अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींवर २१. बिअर, व्हिस्की, रम यांतले काहीही चालत नाही आणि खोक्यातली वाइनही नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण उत्तर प्रवासाच्या मध्यावर बदलते. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, म्हणून पुण्याहून किंवा मुंबईहून निघताना बाटल्या चेक-इन बॅगेतच जाणार. वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. विमानातली माणशी ५ लिटरची मर्यादा २४ ते ७० टक्के मद्यार्क असलेल्या पेयांसाठी आहे, ती वाइनला लागत नाही. बॅगेचे वजन मात्र सांभाळायला हवे. प्रत्येक बाटली आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा, मग तिच्याभोवती टॉवेल किंवा स्वेटर गुंडाळा आणि ती बॅगेच्या मधोमध आडवी ठेवा. कडेला ठेवलेली बाटली बॅग आपटली की फुटते. दोन बाटल्या एकमेकींना टेकू देऊ नका, कारण काच काचेवर आदळूनच बहुतेक बाटल्या जातात.

सिंगापूरला उतरल्यावर कस्टमची अडचण येऊ नये. बाहेरून येणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या, ४८ तास किंवा जास्त काळ सिंगापूरबाहेर राहिलेल्या आणि मलेशियातून न आलेल्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत वाइन शुल्काविना नेता येते.

आता पुढची पायरी. बंदरावर जाण्यापूर्वी, हॉटेलातच, बाटल्या मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या बॅगेत घ्या. बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून हमालाच्या ताब्यात द्याव्या लागतात. त्या स्कॅनरमधून जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. आत बाटली दिसली की बॅग बाजूला काढली जाते, मग तुम्हाला बोलावणे येते आणि तुमच्यासमोर ती उघडली जाते. बाटली नियमात बसणारी असली तरी कपडे रात्री उशिरा हाती पडतात. हातातल्या बॅगेतली बाटली मात्र स्वतःहून काढून दाखवता येते आणि दोन मिनिटांत काम होते.

बोटीवर केबिनमध्ये प्यायलात तर काही आकार नाही. जेवणाच्या दालनात नेलीत तर कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली उघडून वाढण्याचा आकार, साधारण १५ डॉलर. तरीही हिशेब तुमच्या बाजूचाच राहतो. बोटीवर वाइनचा पेला १२ डॉलरला धरा. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क लागून तो १४.१६ डॉलरला पडतो. ७५० मिलिलिटरमध्ये १५० चे पाच पेले बसतात, म्हणजे जवळजवळ ७१ डॉलर. बाटली अर्धी उरली तर वेटर तिच्यावर केबिनचा क्रमांक लिहून दुसऱ्या दिवसासाठी ठेवून देतो, निःसंकोच मागा. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असलेली बाटली निवडलीत तर बूच काढणी शोधायलाच नको. फसफसणारी वाइन नेणार असाल तर तिच्या आत वातावरणाच्या पाचसहा पट दाब असतो हे ध्यानात ठेवा आणि ती उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका.

बाकीच्या कंपन्यांचेही नियम असेच आहेत का? (औंध)

नाहीत, आणि इथेच लोक फसतात. कार्निव्हल माणशी एक ७५० मिलिलिटरची वाइनची बाटली चालवते, पण ती हातातल्याच बॅगेत हवी. पाणी आणि सरबताच्या बाटल्यांवर तिने २०१५ पासून बंदी घातली. आता फक्त डबे किंवा कागदी खोकी, माणशी १२ पर्यंत. कारण उघड आहे: पाण्याच्या बाटलीतून व्होडका नेणारे फार झाले आणि एकेक बाटली तपासण्यात रांगा अडकू लागल्या. नॉर्वेजियनवर वाइन नेता येते, पण बाटली केबिनमध्ये उघडणार असाल तरी कॉर्केज चढतानाच भरावे लागते. पाणी आणि शीतपेये तिथे चालत नाहीत. यांच्यात डिस्ने सर्वांत उदार आहे. माणशी वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा डबे, आणि तेही चढताना तसेच वाटेतल्या प्रत्येक बंदरावर पुन्हा. एमएससीच्या बोटीवर प्यायला काही नेऊच नका.

मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून व्हिस्की घेतली तर बोटीवर चालेल का? सीलबंद पिशवी असेल. (हडपसर)

चालणार नाही. ती सीलबंद पिशवी विमानाच्या सुरक्षा तपासणीसाठी असते, बोटीला तिच्याशी देणेघेणे नाही. रॉयल कॅरिबियनवर चढण्याच्या दिवशी जप्त झालेले मद्य परत मिळत नाही, म्हणजे पूर्ण किमतीला मुकाल. वाटेतल्या बंदरावर किंवा बोटीच्याच दुकानात घेतलेली बाटली वेगळी: ती बोटीवाले ठेवून घेतात, पावती देतात आणि सफरीच्या शेवटी परत करतात. ती परत आली की लगेच चेक-इन बॅगेत बांधा. हातात ठेवलीत तर विमानतळावर १०० मिलिलिटरच्या नियमात सापडेल. म्हणून शेवटच्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या बॅगांत सगळे कपडे भरून टाकू नका, बाटली गुंडाळायला एखादा टॉवेल हाताशी राहू द्या.

व्हिस्की घ्यायचीच तर परतीच्या वाटेवर घ्या. भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते.

याच पत्रात माउथवॉशच्या बाटलीत किंवा मऊ पाउचमध्ये चपटी ओतून नेण्याबद्दल विचारले आहे. करू नका. तपासनीस बाटल्या उघडून वास घेतात, पाउच दाबाने गळतात, आणि पकडले गेल्यास बोटीवरून उतरवण्याचा अधिकार कंपनीने तिकिटाच्या करारात राखलेला असतो. परक्या बंदरावर उतरवले तर परतीचे विमान तुमच्या खर्चाने.

सासूबाईंना बाहेरचे पाणी चालत नाही. बाटलीबंद पाण्याचा खोका आणि घरचे कोकम सरबत न्यावे म्हणतो. (सदाशिव पेठ)

पाण्याचा खोका नेऊ नका. काही कंपन्या तो अडवतात, आणि त्याची गरजही नाही. बोटीवरच्या केबिनमधल्या नळाचे पाणी पिण्याचेच असते. ते बंदरावर भरलेले असते किंवा समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून अथवा त्याला दाबाने पडद्यातून गाळून बनवलेले असते, आणि त्यात क्लोरीन घातलेले असते. अमेरिकेत येणाऱ्या बोटींना तर नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राखणे बंधनकारक आहे. सासूबाईंना त्याचा वास खटकेल. त्यावर उपाय म्हणजे पाणी जगमध्ये काढून अर्धा तास उघडे ठेवणे आणि मग थंड करणे. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामी न्या. बुफेतल्या नळाला बाटलीचे तोंड मात्र कधी लावू नका. पोटाचा विकार अशानेच बोटभर पसरतो, म्हणून कर्मचारीही हटकतात. आधी पेल्यात घ्या, मग बाटलीत ओता.

श्वासाच्या यंत्रासाठी ऊर्ध्वपातित पाणी किंवा तान्ह्या बाळाचे दूध लागणार असेल तर त्याला सवलत असते. बुकिंगनंतर लगेच कळवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

घरी भरलेले कोकम सरबत जवळजवळ नक्कीच अडेल, कारण लाल द्रव, हाताने लावलेले झाकण आणि वर लेबल नाही. कारखान्यात सील केलेले अमृत कोकम रॉयल कॅरिबियनवर चालेल. तिथे एका केबिनला मद्यविरहित पेयांच्या १२ बाटल्या, डबे किंवा खोकी नेता येतात, प्रत्येकी सुमारे ५०० मिलिलिटरपर्यंत. पण आमचा सल्ला वेगळा आहे. सरबत नेऊच नका, आमसुले न्या. दुकानातले सीलबंद, लेबल असलेले पाकीट घ्या. ते द्रवात मोजले जात नाही आणि गळतही नाही. आठदहा आमसुले २५० मिलिलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, चमच्याने चेचा, बुफेतली साखर आणि मीठ घाला, जिरेपूड घरून न्या. एवढ्या अर्काचे थंड पाणी घालून तीन पेले होतात. ताक हवे असेल तर न्याहारीला साधे दही मिळतेच. एक भाग दह्याला दोन भाग पाणी, मीठ आणि तीच जिरेपूड. ऑस्ट्रेलियात उतरणारी सफर असेल तर असे सर्व खाद्यपदार्थ प्रवेशाच्या फॉर्मवर जाहीर करावे लागतात. लपवल्यास जबर दंड होतो.

चहासाठी छोटी केटल नेता येईल का? (बिबवेवाडी)

नाही. केटल, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री हे सगळे आगीच्या भीतीने जप्त होते. सफर संपल्यावर परत मिळते, पण चहा तेवढे दिवस बुडतो. बुफेतले गरम पाणी उकळते नसते, त्यामुळे आपली चहा पावडर त्यात उतरत नाही. १५० मिलिलिटरला कडक चहाच्या दोन पिशव्या घाला, वर बशी झाका, पाच मिनिटे थांबा, मग चिमूटभर चहा मसाला आणि दूध. थंड दुधाने चहा कोमट होतो, म्हणून दूध वेटरकडून गरम करून मागा. दुधासह तयार चहाच्या पुड्या मिळतात, ज्येष्ठांसाठी त्या सोयीच्या.

मुंबई–गोवा क्रूझवर जाणार आहोत. गोव्यातून काजूची फेणी आणायची आहे. (चिंचवड)

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या बोटीवर बाहेरचे खाणेपिणे नेता येत नाही, तेव्हा जाताना काही नेण्याचा प्रश्नच नाही. फेणीची अडचण बोटीपेक्षा मुंबईत उतरल्यावर मोठी आहे. गोव्यातल्या मद्यावर गोव्याचा कर भरलेला असतो, महाराष्ट्राचा नाही. परवान्याशिवाय ते राज्यात आणणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग गोव्याच्या मद्याबाबत विशेष कडक आहे. आपला मद्यप्राशनाचा परवाना याला पुरत नाही. तो महाराष्ट्रात रीतसर विकलेल्या मद्यासाठी असतो. फेणी गोव्यात उतराल तेव्हाच तिथे चाखा आणि येताना काजू आणा.

हीच बोट लक्षद्वीपला जाणार असेल तर बोटीवर घेतलेले मद्य किनाऱ्यावर नेऊ नका. बंगाराम सोडल्यास तिथे दारूबंदी आहे. दुबईहून सुटणाऱ्या सफरी दोह्याला थांबतात, तिथेही बाटली घेऊन उतरू नका: कतारमध्ये प्रवाशाला मद्य आणायला मनाई आहे आणि ती बंदराच्या दारातच काढून घेतली जाते.