ख्रिस्ती रॅपर स्टीव्हन माल्कमच्या गाण्यांत जमैका कुठून येतो? आणि खरा विश्वासी माणूस रॅप कसा करू शकतो? माझा मुलगा दिवसभर हेच ऐकतो.

तुमचा पहिला प्रश्न माहितीचा आहे, दुसरा मला लागलेला आहे. त्यामुळे पहिल्याचं उत्तर आधी देतो आणि मग जे बोलायचं ते बोलतो.

माल्कम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचा. वडील जमैकाचे. तो लहान असतानाच वडिलांना अमेरिकेतून परत पाठवलं गेलं आणि पुढे जमैकातच त्यांचा खून झाला. मित्राच्या घरच्यांनी या मुलाला आपल्यात घेतलं. 'द सेकंड सिटी' या त्याच्या अल्बमचं नाव माँटेगो बे या शहरावरून आलंय. जमैकात त्याला दुसरं शहर म्हणतात आणि ते त्याच्या वडिलांचं गाव. बाप हातातून गेला, तेव्हा त्याच्या बोलीचा हेल आणि त्याच्या गावचा ठेका एवढंच मुलाकडे उरलं. ते तो देवापुढे घेऊन येतो. मला यात भक्ती दिसते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

आता हिपहॉपचं, म्हणजे रॅप ज्या संगीताचा भाग आहे त्याचं. या संगीताचा जमैकाशी आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांशी संबंध नाही असं समजू नका. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी ज्या पार्टीतून हिपहॉपची सुरुवात धरतात, तिथे रेकॉर्ड लावणारा कूल हर्क म्हणजे क्लाइव्ह कॅम्पबेल. तो जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये जन्मला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत आला. रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावायचे, रेकॉर्ड वाजवायची आणि ठेक्यावर माइकवरून बोलायचं, ही किंग्स्टनच्या साउंड सिस्टीमची रीत त्याने लहानपणी पाहिलेली होती. गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवायची युक्ती त्याची. हिपहॉपच्या सुरुवातीचा दुसरा मोठा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश, तोही बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर जन्मलेला. तेव्हा जमैकन वंशाचा मुलगा रॅप करतो यात नवल काहीच नाही, तो घरचंच गातोय.

आणि माँटेगो बे नुसतं समुद्रकिनाऱ्याचं गाव नाही. १८३१ च्या नाताळात त्याच परिसरात गुलामांचा मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी सॅम शार्प स्वतः गुलाम होता आणि बाप्टिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) डीकन, म्हणजे सेवक, होता. बायबल वाचून, प्रार्थनासभांतून त्याने माणसं जोडली. मे १८३२ मध्ये त्याला माँटेगो बेमध्येच फाशी दिलं. आज तिथल्या मुख्य चौकाला त्याचं नाव आहे. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. जमैकात बाप्टिस्ट मंडळी उभी केली ती जॉर्ज लील याने. तो अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गुलामीत जन्मला, जॉर्जियात मुक्त झाला आणि १७८३ मध्ये किंग्स्टनला येऊन उपदेश करू लागला. बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी नंतर आली. मळेवाल्यांना गुलामांच्या ढोलाची इतकी धास्ती होती की ढोल वाजवण्यावर कायद्याने बंदी होती. तरी तो ढोल चर्चच्या अंगणात राहिलाच. म्हणून 'हा ठेका देवाच्या घरात शोभत नाही' हे वाक्य कोणी उच्चारलं की मला विचारावंसं वाटतं, की हे आधी कोण म्हणत होतं ते ठाऊक आहे का?

मी अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर). घरात चार पिढ्या विश्वासात. चर्चमध्ये तबला-ढोलकी माझ्याकडे असायची आणि काही वर्षं तरुण संघही माझ्याकडे होता. संघात एक मुलगा होता, वडील ट्रकवर, घरी फारसं कोणी नाही. त्याने बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तावर मराठीत रॅप लिहिला, घर सोडून गेलेला मुलगा परत येतो त्या गोष्टीवर. लिहिला म्हणजे काय लिहिला! घर सोडताना पोराच्या तोंडचं कडवं, डुकरं राखतानाचं कडवं, आणि शेवटी बाप धावत येतो तिथे तो एकदम ठेका थांबवायचा आणि नुसतं बोलायचा. मी ढोलकीवर साथ बसवली. नाताळच्या कार्यक्रमात घ्यायचं ठरलं, पत्रिकेत छापूनही झालं.

तालमीला कमिटीतले एक ज्येष्ठ येऊन बसले. पहिलं कडवं झालं आणि ते उठले. "हे तमाशातलं देवाच्या घरात चालायचं नाही." एवढंच. मी म्हटलं, दादा, बायबलमधलं स्तोत्र १५० काढा, तिथे डफ आहे, झांजा आहेत, नाच आहे. तर म्हणाले, तो डफ वेगळा. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेब गप्प. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ज्येष्ठांचा राग मी समजू शकतो, त्या गप्प बसण्याचं अजून मला काही करता येत नाही.

आम्ही ते गाणं उपासनेनंतर बाहेर अंगणात केलं, शेजारच्या घरातून वायर ओढून. महिला संघाच्या बायका थांबल्या, वस्तीतली मुलं आली, शेवटच्या कडव्याला बरीच माणसं रडली. तरी तो मुलगा पुढच्या वर्षी आमच्या चर्चमध्ये नव्हता. आता शहरातल्या एका छोट्या प्रार्थनागटात जातो, तिथे त्याला माइक देतात. मंडळीत तरुण का टिकत नाहीत यावर आमच्याकडे दर वर्षी शिबिर होतं.

आणि ज्या गावात हे झालं ते गाव बघा. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, पण त्यांचं कितीतरी काम नगरचं. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं मराठी माणसाच्या काळजाला भिडत नाहीत, हे ओळखून त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे नगरमध्येच ख्रिस्ती कीर्तन करत होते. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं, ते ओवीत. आमचे ते ज्येष्ठ दर रविवारी डोळे मिटून टिळकांचं भजन म्हणतात, माझ्याच ढोलकीवर. ढोलकी फडावरही वाजते. पेटी युरोपातून आली. यातलं काहीच बेथलेहेमचं नाही. मग टिळकांना जी मुभा, ती त्या पोराला का नाही?

जमैकातही हेच भांडण आहे. तिथल्या पात्वा बोलीत नवा करार २०१२ मध्ये निघाला, तेव्हा कितीतरी चर्चवाले बिथरले, की ही बाजारातली बोली, यात देवाचं वचन कसं वाचायचं. घरात बोलायला चालते, प्रार्थनेला मात्र नको. माल्कमसारखी मुलं या भांडणाला आपल्या गाण्यातूनच उत्तर देतात, आणि माझ्या मते ते पुरेसं आहे.

'खरा विश्वासी' कोण, हे ठेक्यावरून ठरत नाही. शब्द बघा, जगणं बघा. पापा सॅन आणि लेफ्टनंट स्टिची हे दोघे जमैकाच्या डान्सहॉलमधले, म्हणजे तिथल्या नाचाच्या संगीतातले, गाजलेले डीजे (तिथे ठेक्यावर बोलत गाणाऱ्याला डीजे म्हणतात). दोघेही १९९७ मध्ये विश्वासात आले. त्यांनी ठेका टाकला नाही, शब्द बदलले. अमेरिकेत स्टीफन वायलीने १९८५ मध्येच ख्रिस्ती रॅपचा अल्बम काढला होता, आणि २०१४ मध्ये ख्रिस्ती रॅपर लेक्रेचा अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे हे कालपरवाचं खूळ नाही.

तुमच्या मुलाबद्दल: हेडफोन काढायला सांगू नका, एक कानाला तुम्ही लावा. कडव्यात काय म्हटलंय ते त्यालाच समजावून सांगायला लावा. माल्कमच्या वडिलांची हकीकतही सांगा, मग ती गाणी वेगळी ऐकू येतील. तुमच्या मंडळीतले कोणी 'हे काय ऐकतो' म्हणाले तर मुलासमोर त्यांची बाजू घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः कमिटीवर असाल तर नाताळच्या कार्यक्रमात त्याला पाच मिनिटं द्या, आत, वेदीसमोर, अंगणात नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळा ख्रिस्ती रॅप चांगला असतो असं माझं म्हणणं नाही. बराचसा म्हणजे ड्रम लावलेला उपदेश असतो आणि तो मलाही ऐकवत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मला स्वतःला टिळकच लागतात, तिथे रॅप आणा असं मी म्हणणार नाही. आणि पापा सॅन, स्टिची यांची १९९७ च्या आधीची गाणी भक्तीची नाहीत, निव्वळ डान्सहॉलची आहेत, त्यांचा विषय वेगळा. मुलासोबत ऐकायला बसाल तेव्हा वर्ष बघून लावा.