आवाज येतो पण बोलणं समजत नाही, मामाजींच्या कानाचं नेमकं काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. आमचे मामाजी म्हणजे माहे सासरे सत्तरीच्या पुढचे हायेत, त्यांले आवाज येते पण बोललेलं समजत नाही, मोठ्यानं बोललं तं म्हणतेत वरडू नको. कापसाचा भाव सात सांगितला तं आठ ऐकतेत. इकडं जाऊबाईच्या पोट्ट्याचा कान लहानपणापासून वाहते, त्यालेही कमी ऐकू येते. घरात सगळे म्हणतेत दोघाइले एकच मशीन आणून टाका. चालन का?

उत्तर : नाही ताई, चालणार नाही, कारण दोघांचा कान वेगवेगळ्या ठिकाणी बिघडलेला दिसतोय.

आवाज बाहेरच्या भोकातून पडद्यावर येतो, पडदा हलतो, त्यामागची तीन इवलीशी हाडं ती हालचाल आत पोचवतात. आतमध्ये गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो, त्यातल्या बारीक केसपेशी त्या हालचालीचा सिग्नल करून नसेला देतात आणि नस मेंदूला. पोट्ट्याचा बिघाड बहुतेक पडदा-हाडांच्या भागात आहे, म्हणजे आवाज आत जायलाच अडथळा. यालाच आम्ही कंडक्टिव्ह म्हणतो. मळ घट्ट बसला, पडद्यामागे पाणी साचलं, पडद्याला छिद्र पडलं, हाड जखडलं, हे सगळे यातलेच प्रकार. यातलं बरंचसं औषधानं नाहीतर ऑपरेशननं सुधरतं, म्हणून आधी मशीन नाही तर तपासणी. तोवर कानात लसणाचं गरम तेल अजिबात नको, विहिरीत उड्या बंद, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरून लावायचा. आणि कानातून घाण वास येत असेल तर थांबूच नका, कारण आत हाड पोखरणारा आजार असू शकतो, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. वर्षानुवर्षं कान वाहिला की आतलीही ताकद जाऊ शकते, मग दोन्ही बिघाड एकत्र, त्याला मिक्स म्हणतात.

मामाजींचं निराळं. वयानं केसपेशी झिजतात, तरुणपणी थ्रेशर-ट्रॅक्टरजवळ काम केलं असेल तर जास्तच, आणि एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत, मग कुणी किती का जडीबुटी विकेना. आधी जातात त्या बारीक, उंच सुरांच्या. स, श, फ असले आवाज तिथंच असतात, स्वरांचा जोर मात्र खालच्या सुरात. म्हणून 'सात'मधला स गळून पडतो, मागे उरतो तो आ, आणि मामाजींना वाटतं आठ. बायकांचं, लेकरांचं बोलणं आधी हरवतं तेही यामुळंच. ओरडलं की उलट कान दुखतो, कारण हळू आवाज ऐकू येत नाही पण मोठा मात्र एकदम अंगावर येतो. बरं, "आपल्यापुरतं ऐकतात बुवा" असं घरचे म्हणतात ना, ते खरं नसतं. समोर बसून, टीव्ही बंद करून, चेहरा दिसेल असं सावकाश बोला, निम्मं काम तिथंच होतं.

तपासणीत ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, करायला लावा. हेडफोनमधून ऐकवतात ती रिपोर्टवरची एक रेघ, कानामागच्या हाडाला यंत्र टेकवून ऐकवतात ती दुसरी रेघ. हाडावरून नीट आणि हेडफोनमधून कमी म्हणजे अडथळा बाहेर-मधे, दोन्हीकडून सारखंच कमी म्हणजे आतलं. मशीन या रिपोर्टप्रमाणे सेट होतं, बाजारातून पन्नास जणांसाठी एकच असं आणलेलं मशीन फक्त गोंगाट वाढवतं आणि चार दिवसांनी कपाटात जातं.

खर्चाचं म्हणाल तर दिव्यांगत्वाचं 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं सर्टिफिकेट असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अॅडिप योजनेत मशीन मिळू शकतं, उत्पन्नाची अट आहे. पोट्ट्यासाठी शाळेत-अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला आधी दाखवा.

प्रश्न : परवा सकाळी उठलो तं एक कान बंद, भुणभुण आवाज येतो. मेडिकलवाल्यानं ड्रॉप दिले, दुखत काहीच नाही. मळ असंल का?

उत्तर : असेलही, पण दादा, दुखत नाही म्हणून निवांत राहू नका. तोंड मिटून 'म्म्म' करून बघा. आवाज बंद कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ किंवा तसलंच काही. चांगल्या कानाकडे सरकला तर आतली नस अचानक गेलेली असू शकते, ही इमर्जन्सी आहे, स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत यायची शक्यता जास्त, दोन आठवडे उलटले की ती घटत जाते. घरचा हा प्रयोग काही निकाल नाही, त्यामुळं काहीही आलं तरी आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, आणि ड्रॉपची बाटली सोबत न्या.