वाचकांचे प्रश्न : एनएएसएलची अवतरणचिन्हं

प्रश्न : मला पायथॉन येतं. मग ओपनव्हॅस या सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरच्या चाचण्यांसाठी एनएएसएल ही वेगळी भाषा कशाला शिकायची?
(विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : या भाषेला मुद्दामच कमी येतं, म्हणून. रेनो देरेझों यांनी १९९८ मध्ये नेसस हा स्कॅनर खुला केला आणि त्याच्या चाचण्यांसाठी ही भाषा घडवली. २००५ मध्ये नेससची तिसरी आवृत्ती बंदिस्त परवान्याखाली गेली. तेव्हा जुन्या खुल्या कोडमधून ओपनव्हॅस निघालं, आणि भाषा दोन्ही घरांत राहिली.

स्कॅनरमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो स्क्रिप्ट धावतात. त्या सगळ्या वाचून कोण बसणार? म्हणून ‘ओपन_सॉक_टीसीपी’ या जोडणी उघडणाऱ्या फंक्शनला पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) देता येतो, पत्ता द्यायला जागाच नाही. जोडणी होते ती स्कॅनला नेमून दिलेल्या यंत्राशीच. पायथॉनमध्ये आयपी पत्त्याचा एक आकडा चुकला की शेजाऱ्याच्या सर्व्हरवर धडक. ती चूक इथं करताच येत नाही. स्कॅनरच्या यंत्रावरच्या फाइल वाचणं, कमांड चालवणं हेही ओपनव्हॅसमध्ये, स्वाक्षरी तपासणं चालू ठेवलं असेल तर, डिजिटल स्वाक्षरी असलेल्या स्क्रिप्टपुरतंच आहे.

प्रश्न : ८० पोर्टवर ‘गेट’ विनंती पाठवून सर्व्हरचं बॅनर (नाव-आवृत्ती सांगणारी ओळ) वाचणारी स्क्रिप्ट लिहिली. सॉकेट उघडतं, ‘सेंड’ही होतं, पण ‘रिसीव्ह’ काही सेकंद थांबून रिकामं परत येतं. फायरवॉल बंद आहे.
(नेटवर्क सहायक, कोल्हापूर)

उत्तर : फायरवॉलला दोष देऊ नका, अवतरणचिन्हं बघा. विनंती तुम्ही दुहेरी अवतरणात लिहिली असणार. पर्ल किंवा पीएचपीमध्ये दुहेरी अवतरणातलं \आर\एन म्हणजे खरोखरचा ओळबदल, आणि एकेरीतलं म्हणजे नुसती अक्षरं. एनएएसएलमध्ये नेमकं उलटं! इथं दुहेरी अवतरणातला मजकूर जसाच्या तसा जातो. एचटीटीपी विनंती संपते रिकाम्या ओळीनं. ती ओळ तुमच्या सर्व्हरला मिळतच नाही, म्हणून तो पुढचं येण्याची वाट बघत बसतो आणि तुमची स्क्रिप्ट त्याची.

खात्री करायची तर पाठवण्याआधी विनंती ‘हेक्सस्ट्र’मधून (प्रत्येक अक्षराचा सोळाच्या पायातला आकडा देणारं फंक्शन) काढून ‘डिस्प्ले’नं छापा. शेपटीला ०डी०ए०डी०ए दिसलं पाहिजे. ५सी७२५सी६ई दिसलं, तर बॅकस्लॅश अक्षर म्हणूनच गेलाय. विनंती एकेरी अवतरणात घाला, किंवा दुहेरीच ठेवून ‘स्ट्रिंग’ फंक्शनमधून काढा, ते \आर\एनचा खरा ओळबदल करतं.

एवढं झाल्यावर ४०० चा नकार आला, तर तुम्ही एचटीटीपी १.१ लिहून ‘होस्ट’ची ओळ विसरला आहात. उत्तरात सर्व्हरचं नाव शोधायला >< हे चिन्ह वापरा: डावीकडे शोधायचा शब्द, उजवीकडे उत्तर. उलट लिहिलं तर चूक दाखवली जात नाही, फक्त कधीच काही सापडत नाही.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट पूर्ण स्कॅनमध्ये चालते. तीच ‘ओपनव्हॅस-नॅसल’ कमांडनं एकटी चालवली तर काहीच न छापता संपते.
(पुणे)

उत्तर : स्कॅनमध्ये तुमच्या आधी सेवा ओळखणाऱ्या स्क्रिप्ट धावतात आणि सापडलेलं नॉलेज बेसमध्ये, म्हणजे सगळ्या स्क्रिप्टच्या सामाईक कोठीत, टाकतात. एकट्या स्क्रिप्टसाठी ती कोठी रिकामी असते. मग त्यातली नोंद वाचणारं ‘गेट_केबी_आयटम’ काहीच देत नाही आणि पुढच्याच ओळीत तुम्ही ‘एक्झिट’ लिहिलेलं असतं. तपासण्यापुरता पोर्ट हातानं लिहा, किंवा कमांडला ‘केबी’चा पर्याय देऊन हवी ती नोंद भरा.

प्रश्न : आवृत्तीवरून सर्व्हर असुरक्षित असल्याचा अहवाल दिला. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, दुरुस्ती कधीच केली आहे. खरं कोण?
(ठाणे)

उत्तर : बहुधा ते. डेबियन, उबुंटू, रेड हॅट सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. पॅकेजचा मागचा आकडा बदलतो, बॅनरवरचा बहुतेकदा नाही. त्यामुळे ‘व्हर्जन_इज_लेस’ हे आवृत्ती जुनी आहे का ते बघणारं फंक्शन बॅनरवर लावून काढलेला निष्कर्ष हा संशय समजा. स्क्रिप्टच्या वर्णनात भरवशाचा प्रकार ‘रिमोट_बॅनर_अनरिलाएबल’ लिहा. त्याला भरवशाचे ३० टक्के मिळतात, आणि अहवालाची नेहमीची गाळणी ७० टक्क्यांखालचं दाखवत नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर एसएसएचनं (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) आत जाऊन पॅकेजची आवृत्ती वाचणारी चाचणी लिहावी लागेल. त्यासाठी लॉगिन त्यांच्याकडूनच घ्या.