युरिया टाकाऊ आहे, तर मूत्रपिंड तो परत आत का घेतं?

तुमचा प्रश्न: युरिया बाहेरच टाकायचा असेल, तर तो नळीतून परत आत नेणारी खास प्रथिनं मूत्रपिंडात कशाला?

मी चोपड्याकडचा. लहानपणी केळीला युरिया टाकायला पाठवलं होतं, तेव्हा कंटाळून उरलेला सगळा एकाच खोडाच्या बुडाशी ओतून मोकळा झालो. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आबा म्हणाले, "युरियानं झाडाचंच पाणी पिऊन टाकलं." आबा सातवी शिकलेले, पण बोलले ते बरोबर. विरघळलेलं जिकडे जास्त, पाणी तिकडे ओढलं जातं. मूत्रपिंडही याच ओढीवर चालतं.

लघवी शेवटी ज्या संग्राहक नलिकांमधून उतरते, त्या मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यातून जातात. गाभ्यात मीठ आणि युरिया दाटलेला असतो. तो नळीतलं पाणी बाहेर खेचतो आणि ते रक्तात परत जातं. आता युरिया नुसता नळीतच अडकून राहिला तर? तो उलट पाणी धरून ठेवेल. वरण-मटण चापलं की त्यातल्या प्रथिनांपासून बनलेल्या युरियापायी दिवसभर लघवीला पळावं लागेल. ती खास प्रथिनं म्हणजे युरियासाठी नळीच्या भिंतीतली दारं; त्यांतून तो गाभ्यात सरकतो. आत-बाहेर युरिया सारखाच दाट झाला की त्याची ही ओढ संपते. मग तो लघवीतून जातो खरा, पण सोबत पाणी नेत नाही. २००४ साली ही दारं नसलेले उंदीर तयार केले होते. भरपूर प्रथिनं खायला दिली की त्यांना पाणी राखता येईना.

दारं म्हणतोय, कारण पेशीचं पटल तेलकट असतं आणि त्यातून युरिया फार हळू सरकतो. नळीच्या पोकळीकडे यूटी-ए१ नावाचं दार, मागच्या अंगाला यूटी-ए३. यांना पंप समजू नका. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होत नाही. पाटाच्या पाण्यासारखं, उतार असेल तिकडे. अंगातलं पाणी कमी झालं की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं, त्याच्या निरोपाने यूटी-ए१ला फॉस्फेट चिकटतं आणि पोकळीकडच्या पटलावर दारं वाढतात.

तिसरं दार यूटी-बी. गाभ्यात उतरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत ते असतं, म्हणून वर जाणाऱ्या रक्ताबरोबर निघालेला युरिया तिथल्या तिथे परत फिरतो, वाहून जात नाही. तांबड्या पेशींवरही तेच. रक्तपेढीवाले ज्याला किड रक्तगट म्हणतात, तो याच प्रथिनावर असतो. याचा किस्सा मला फार आवडतो. प्लेटलेट मोजताना तांबड्या पेशी फोडायला दाट युरिया वापरत. युरिया भसकन आत शिरतो, मागोमाग पाणी, पेशी फुटते. १९८२ साली एका सामोअन रुग्णाच्या पेशी काही केल्या लवकर फुटेनात. त्याच्याकडे किड प्रथिनच नव्हतं! अशी माणसं एरवी धडधाकट असतात, फक्त त्यांची लघवी आपल्याइतकी दाट होऊ शकत नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात त्यांना तांब्या जरा जवळच ठेवावा लागेल.