पाच मित्र, ‘मस्त आहे’ आणि ८२ गुण

तुमचा प्रश्न मी असा समजलो: अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी मानव-संगणक आंतरक्रिया हा वैकल्पिक विषय तुम्ही घेतला आहे, प्रकल्पासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या ॲपचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता नमुना, केला आहे, वर्गातल्या पाच मित्रांवर त्याची युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे वापरसुलभता चाचणी, घेतली आहे, पाचही जण ‘मस्त आहे’ म्हणाले आणि एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) या वापरसुलभतेबद्दलचे मत विचारणाऱ्या प्रश्नावलीत सरासरी ८२ गुण आले, तरीही ‘यातून काहीच कळत नाही’ असा शेरा मारून सरांनी अहवाल परत केला. पाच माणसे कमी पडली का, असे तुम्ही विचारता. संख्येकडे मी नंतर येतो, कारण ती पाच माणसे कोण होती आणि त्यांना नेमके काय करायला सांगितले होते, यातच तुमच्या अहवालाची बहुतेक अडचण आहे असे मला वाटते.

तुमचे पहिले टास्क, म्हणजे सहभागीला ॲपवर करायला दिलेले काम, ‘आरक्षण या पर्यायात जाऊन पुस्तक आरक्षित करा’ असे आहे. पडद्यावरच्या बटणावर जो शब्द आहे तोच तुम्ही सहभागी व्यक्तीच्या हातात दिलात. आता तिला फक्त तो शब्द पडद्यावर शोधायचा आहे, आणि तेवढे कोणालाही जमते. त्याऐवजी असे सांगून पाहा: ‘परीक्षा दहा दिवसांवर आली आहे, तुम्हाला हवे असलेले पुस्तक दुसऱ्या कोणी तरी नेले आहे; ते परत आल्यावर तुम्हालाच मिळावे यासाठी काय कराल, ते या ॲपवर करून दाखवा.’ आता ती व्यक्ती आधी पुस्तक शोधेल की ‘माझे खाते’ उघडेल, ‘आरक्षण’ हा शब्द वाचून तिला वाचनकक्षातली जागा आठवेल की पुस्तक, हे सगळे दिसू लागेल. टास्कच्या वाक्यात बटणावरचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही, हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो आणि तरी निम्मे गट दुसऱ्या आठवड्यात तो मोडतात.

मित्रांच्या ‘मस्त आहे’बद्दल. समोरच्याने मेहनतीने केलेल्या कामाला तोंडावर नावे ठेवणे आपल्याकडे जड जाते, आणि तो समोरचा जर रोज एकाच बाकावर बसणारा असेल तर बोलायलाच नको. ही अडचण व्यावसायिकांनाही आली आहे. वापरसुलभता-तज्ज्ञ अपला लाहिरी चव्हाण यांनी भारतीय सहभागींसाठी ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून ओळखले जाणारे तंत्र वापरले, ते याच कारणासाठी. विमानाचे तिकीट काढा, असे कोरडे टास्क न देता सहभागीला सांगायचे की तुमच्या लाडक्या भाचीचे लग्न ठरले आहे, आणि नवरा मुलगा गुंडांच्या टोळीतला मारेकरी असून त्याचे आधीच लग्न झालेले आहे हे तुम्हाला आत्ताच कळले आहे. पुरावा घेऊन तातडीने बंगळुरूला पोहोचायचे आहे, तर तिकीट काढा. ऐकताना हसू येते, पण माणूस त्या प्रसंगात शिरला की यजमानाचा मान राखण्याचे भान सुटते आणि तिकीट निघेना झाले की चिडचिड बाहेर येते. तुम्हाला एवढे नाट्य नको असेल तर निदान चाचणी घेणारा आणि ॲप बनवणारा वेगळा ठेवा. शेजारच्या गटाशी अदलाबदल करा. तुमचे ॲप ते तपासतील, त्यांचे तुम्ही. सहभागी तुमच्या शाखेबाहेरचे निवडा, आणि त्यात कला शाखेचा प्रथम वर्षाचा एखादा विद्यार्थी व ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसणारे कर्मचारी असतील तर फारच उत्तम.

चाचणी घेण्यातला सर्वांत कठीण भाग गप्प बसण्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. मी स्वतः पहिली चाचणी घेतली ती बसच्या पासासाठी केलेल्या एका प्रोटोटाइपची. एका आजोबांचे बोट ‘पुढे’ या बटणावर जाऊन थबकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी लगेच ‘हो, बरोबर, दाबा’ म्हणालो. रात्री ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात आले की वीस मिनिटांत त्यांच्यापेक्षा मीच जास्त बोललो होतो, आणि ज्या पानावर ते अडले होते त्या पानापुढे मी वहीत ‘अडचण नाही’ असे लिहून ठेवले होते. तेव्हापासून कोणी थांबले की मी मनात दहापर्यंत आकडे मोजतो. ‘हे दाबू का?’ असे विचारले गेलेच, तर ‘मी इथे नसतो तर तुम्ही काय केले असते?’ एवढेच म्हणतो.

मोठ्याने विचार करायला लावण्याच्या, म्हणजे टास्क करताना मनात येईल ते सहभागीला बोलत राहायला सांगण्याच्या पद्धतीतही एक बारकावा आहे, जो घाईत शिकवताना निसटतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० मध्ये मांडलेला भेद असा की, मनात जे चालू आहे ते जसेच्या तसे बोलून दाखवल्याने विचारांच्या ओघात फारसा फरक पडत नाही, परंतु ‘का?’ याचे स्पष्टीकरण मागितले की माणूस कारणे जुळवू लागतो आणि त्याचे वागणेच बदलते. त्यामुळे टास्क चालू असताना ‘बोलत राहा’ याहून अधिक काही म्हणू नये. ‘इथे का दाबले?’ हा प्रश्न टास्क संपल्यावर विचारावा. पडदा इंग्रजीत असला तरी सहभागीला मराठीत, हिंदीत किंवा सरमिसळ बोलू द्यावे, कारण इंग्रजीतच बोलण्याचा आग्रह धरला की बरेच जण वाक्य जुळवण्याच्या भानगडीत मुकेच होतात. अहवालातही त्यांचे शब्द तसेच उतरवा. ‘अरे, हे कुठं गेलं आता?’ या वाक्यातून जे कळते ते ‘वापरकर्ता गोंधळला’ यातून कळत नाही.

आता पाचाचा आकडा. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रारूपात एका सहभागीला सरासरी ३१ टक्के समस्या आढळतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के समस्या सापडतात. मात्र ३१ टक्के ही त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांची सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण घेतली, तर ती पाच जणांच्या चाचणीत एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के उरते, कॅल्क्युलेटरवर ०.९ चा पाचवा घात काढून तो एकातून वजा करा, म्हणजे पटेल. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे यादृच्छिक गट पाडून पाहिले, तेव्हा एखाद्या गटाला ९९ टक्के समस्या सापडल्या, तर एखाद्याला फक्त ५५ टक्के. गट दहाचा केल्यावर सर्वांत कमनशिबी गटालाही ८० टक्क्यांच्या आसपास सापडल्या. तेव्हा पाच जणांवर चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाच जणांवर चाचणी, असा क्रम सत्रात दोनदा बसवता आला तर पाच हा आकडा उत्तम आहे. ‘आमच्या ॲपमध्ये दोष नाहीत’ हे सिद्ध करायला तो निरुपयोगी आहे, आणि तुमच्या अहवालात तो नेमका त्यासाठी वापरला आहे.

८२ गुणांचेही तसेच. एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केली. तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात म्हणून ते टक्के वाटतात, पण तसे ते नाहीत. सर्वसाधारण सरासरी ६८ च्या आसपास मानली जाते. विधाने आलटूनपालटून अनुकूल आणि प्रतिकूल असल्याने, न वाचता सगळीकडे ‘पूर्ण सहमत’वर खूण करणाऱ्याला बरोबर ५० गुण मिळतात, तुमच्या पाच कागदांत असा एखादा आहे का, ते आधी तपासा. दुसरे म्हणजे, आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभतेचे परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तीन घटक मानले आहेत, आणि तुम्ही फक्त समाधान मोजले. किती जणांनी मदतीशिवाय टास्क पूर्ण केले आणि त्यांना किती वेळ लागला, हे दोन रकाने अहवालात कुठेच दिसत नाहीत.

ह्युरिस्टिक मूल्यमापन तुम्ही याच प्रकरणात घातले आहे, ते बाहेर काढा. त्यात तज्ज्ञ तत्त्वांच्या आधारे पडदे तपासतात, सहभागी नसतात. ते चाचणीच्या आधी केले तर ढोबळ चुका तिथेच निघून जातात आणि सहभागींचा वेळ त्यांवर वाया जात नाही.

पुढची फेरी घेण्याआधी एक पायलट चाचणी, म्हणजे एखाद्या व्यक्तीवर रंगीत तालीम, अवश्य घ्या आणि तिचे निष्कर्ष मोजणीत धरू नका. तिच्यात ॲपपेक्षा तुमच्या टास्कच्या वाक्यांचीच परीक्षा होते: कोणते वाक्य दोनदा वाचावे लागले, कुठे ‘म्हणजे नक्की काय करू?’ असे विचारले गेले, मोबाइलचे स्क्रीन रेकॉर्डिंग मध्येच बंद पडले का. पायलट आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे वाक्ये सुधारायला एक रात्र हाताशी राहील. सुधारलेली टास्क इथे लिहिलीत तर मी ती पाहून देईन. बटणांवरचे शब्दही सोबत द्या.