लॉगिनचंच काम देतात म्हणून क्लास लावू का?

ताई नमस्कार, पत्र वाचलं. मुलगा बीसीए झाला, कर्वेनगरहून हिंजवडीला इंटर्नशिपला जातो आणि दोन महिने एकच काम, अ‍ॅप्लिकेशनमधून डेटाबेसला जे कनेक्शन जातं त्याला सिंगल साइन-ऑन (एकदाच लॉगिन, मग सगळीकडे तेच चालतं) लावायचं, 'खरं कोडिंग' देतच नाहीत, मग ते सोडून दीड लाखाचा डेटा सायन्सचा क्लास लावू का असं विचारलंत.

नका लावू. आत्ता तरी नको.

बऱ्याच ठिकाणी डेटाबेसचा पासवर्ड सरळ कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये पडलेला असतो, तिथून गिटवर (कोडच्या सामायिक साठ्यात) जातो आणि नोकरी सोडून गेलेल्यालाही पाठ असतो. तुमचा मुलगा तेच बंद करतोय. पीएमपीएमएलचा दिवसाचा पास कसा, सकाळी एकदा काढला की प्रत्येक कंडक्टरपुढे सुटे पैसे काढत बसायला नको, कर्बेरॉस, म्हणजे असं एकदाच लॉगिन चालवणारी एक पद्धत, साधारण तसंच. एकदा लॉगिन केलं की तिकीट मिळतं (खरंच तिकीटच म्हणतात), त्याच्यावर त्या त्या डेटाबेसचं वेगळं तिकीट निघतं, पासवर्ड डेटाबेसपर्यंत जातच नाही.

आणि यात कोडिंग नाही असं कोण म्हणतं? अ‍ॅमेझॉनच्या आरडीएसला (क्लाउडमधल्या डेटाबेस सेवेला) आयएएमचं (त्यांच्याच ओळख-परवानगीच्या व्यवस्थेचं) टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी मिळणारी तात्पुरती चावी, फक्त 15 मिनिटं चालतं. उघडलेलं कनेक्शन चालू राहतं, पण पूल (कनेक्शन तयार ठेवणारा कोडचा भाग) नवीन कनेक्शन उघडायला गेला आणि कोडने जुनंच टोकन धरून ठेवलं असेल तर लॉगिन फेल, सकाळी टेस्टिंगला सगळं हिरवं आणि दुपारी बोंबाबोंब. मी स्वतः नोकरीत असताना दीड दिवस कोड उकरत बसलो होतो, शेवटी कळलं की सर्व्हरचं घड्याळ 7 मिनिटं मागे आहे, कर्बेरॉस डिफॉल्टला 5 मिनिटांचाच फरक चालवून घेतं. हे कुठल्या क्लासच्या सिलॅबसमध्ये सापडायचं नाही.

एक मात्र आहे, तो सिनियरची कॉन्फिग नुसती कॉपी-पेस्ट करत असेल तर त्याची तक्रार खरी आहे. जेवताना सहज विचारा, रात्री तीनला जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) चालतो तेव्हा लॉगिन करायला कोणी माणूस नसतो, मग तिकीट कोण काढतं? कीटॅबबद्दल (प्रोग्रामसाठी गुप्त किल्ली ठेवलेली फाइल) किंवा क्लाउडमधल्या मॅनेज्ड आयडेंटिटीबद्दल (क्लाउडने प्रोग्रामलाच दिलेली ओळख) काही बोलला तर निश्चिंत राहा. नाहीच सांगता आलं तर शनिवार-रविवारी घरीच डॉकरवर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि केडीसी (कर्बेरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) उभं करू दे, केइनिट, केलिस्ट या तिकीट काढायच्या आणि बघायच्या कमांड स्वतः मारून बघू दे, फुकट आहे सगळं. दीड लाख एफडीतच ठेवा, फार तर त्याच्या लॅपटॉपला रॅम वाढवून द्या, डॉकर खातो बराच.